गवताच्या आखूड पट्टीवर लँडिंग शिकवणारा कोर्स : सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. आधी हा कोर्स कोणासाठी आहे ते सांगते. तुमच्याकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आहे, सगळं शिक्षण लांबलचक डांबरी धावपट्टीवर झालंय आणि आता क्लबच्या सहलीत किंवा मित्राच्या आग्रहाखातर गवताच्या पट्टीवर उतरायचं मनात आहे, तर आधी हा कोर्स करा, मग जा. टेलव्हील विमान (पुढच्याऐवजी शेपटीखाली छोटं चाक असलेलं) चालवणाऱ्यांना मात्र तो पुरा पडणार नाही.

क्लबचं नाव लिहीत नाही, कारण असे कोर्स बऱ्याच फ्लाइंग क्लबांत चालतात आणि दर्जा इन्स्ट्रक्टरगणिक बदलतो. काय शिकवलं आणि कसं शिकवलं ते तपशिलात लिहिते, म्हणजे तुम्ही जो कोर्स करणार असाल त्याच्याशी ताडून बघता येईल.

तुलनेसाठी हेही सांगायला हवं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी मी 'शॉर्ट फील्ड', म्हणजे आखूड पट्टी, या नावाखाली शिकले होते. तिथे दीड किलोमीटरच्या डांबरी धावपट्टीवर पांढऱ्या आकड्यांजवळ चाकं टेकवायची, थ्रॉटल पुढे करून इंजिनाचा जोर वाढवायचा, परत उडायचं, एवढाच प्रकार होता. ब्रेक कधी दाबलाच नाही. पट्टी संपत आलीय हे डोळ्यांना कधी दिसलंच नाही. प्रमाणपत्र मात्र मिळालं. अशा शिक्षणातून खोटा आत्मविश्वास येतो आणि तो घेऊन माणूस थेट कुणाच्या तरी शेतातल्या पट्टीवर पोचतो, म्हणून मला त्याचा राग आहे.

आता या कोर्सकडे. सुरुवात वर्गात होते आणि विषय थेट अपघातांचा. हलक्या विमानांच्या अपघातांत लँडिंगचा वाटा सगळ्यात मोठा असतो. त्यातले बहुतेक जिवावर बेतत नाहीत. नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, मोडतं, प्रोपेलर जमिनीला लागतो, विमान पट्टी ओलांडून कुंपणात शिरतं आणि माणसं आपल्या पायांनी बाहेर येतात. माणसं वाचली म्हणून मग गप्पांमध्ये सगळं 'नशीब' या खात्यात जातं. आमच्या इन्स्ट्रक्टरांनी नशिबाचा विषय पहिल्या तासातच संपवला. त्यांनी फळ्यावर पाच प्रकार लिहिले : पट्टी संपली तरी विमान थांबलं नाही, विमान आपटलं, बाजूला भरकटलं, पट्टीच्या अलीकडेच टेकलं, आणि फार उशिरा केलेला गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं). प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न : हे टाळायची शेवटची संधी कुठे होती? दर वेळी उत्तर चाकं टेकण्याच्या आधी निघालं. कधी अप्रोचमध्ये, म्हणजे पट्टीकडे खाली येताना, कधी फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नोज उचलताना, आणि बऱ्याचदा तर निघण्याआधी टेबलावरच्या हिशेबात.

म्हणून टेबलावरच्या कामाला त्यांनी भरपूर वेळ दिला. मला कोर्सचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटला. ज्याने त्याने आपापल्या विमानाचं हँडबुक आणायचं असतं. मी सेस्ना १७२ एस हे चार सीटचं छोटं विमान चालवते, तेव्हा माझाच हिशेब देते. समुद्रसपाटी, १५ अंश तापमान, वारा नाही, विमान पूर्ण वजनाचं. अशा वेळी ५० फूट उंचीच्या अडथळ्यावरून येऊन पूर्ण थांबेपर्यंत १३३५ फूट लागतात, म्हणजे साधारण ४०७ मीटर. त्यातली जमिनीवरची धाव ५७५ फूट, म्हणजे १७५ मीटर. हे झालं कोरड्या, सपाट, पक्क्या धावपट्टीवर. त्याच तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप आहे : कोरड्या गवतावर जमिनीवरच्या धावेच्या ४५ टक्के अंतर वाढवा. गवतावर ब्रेक लागतच नाहीत तसे, त्याची ही किंमत. म्हणजे ७९ मीटर आणखी. झाले ४८६.

इथे बरेच जण थांबतात. पट्टी ५०० मीटरची आहे, विमानाला ४८६ पुरतात, चला. इन्स्ट्रक्टरांनी विचारलं, हे आकडे कोणी काढले? नवं विमान, नवे ब्रेक, कसलेला टेस्ट पायलट, मोजून घेतलेली हवा. आपलं विमान क्लबचं, ब्रेक झिजलेले, आणि आपण कामातून सवड काढून महिन्यातून एखाद्या वेळी उडणारे. म्हणून ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने, म्हणजे सीएएने, खासगी पायलटांनाही आग्रहाने सांगितलंय की सगळी वाढ जोडून झाल्यावर लँडिंगच्या अंतराला वरून १.४३ ने गुणा. ४८६ ला गुणलं की ६९५ मीटर होतात. कागदावर ५०० ची पट्टी पुरत होती, मार्जिन धरल्यावर ७०० मीटरचीही जेमतेम पुरते.

मग ओल्या गवताचा हिशेब. त्याच सीएएच्या तक्त्यात गवत कोरडं असेल तर एकूण अंतरात १५ टक्के वाढ, ओलं असेल तर ३५. आणि गवत अगदी आखूड, ओलं, खालची जमीन टणक असेल तर ६० टक्क्यांपर्यंत वाढ धरायला सांगितलीय. हे ऐकून वर्गातले सगळेच चमकले, कारण आखूड कापलेलं गवत चांगलं असा आपला समज असतो. टेकऑफला ते चांगलंच, चाकांना अडथळा कमी. ब्रेक लावताना मात्र टणक जमिनीवरच्या त्या ओल्या पातळ थरावर टायरला पकड मिळत नाही. माझ्या विमानासाठी ४०७ गुणिले १.६ म्हणजे ६५१, आणि मार्जिन धरून ९३१ मीटर. कोरड्या गवतावर वारा वगैरे ठीक असताना जी पट्टी ऐसपैस वाटते, तीच सकाळच्या दवात आखूड ठरते.

वाऱ्याबद्दलची एक गोष्ट मी वहीत अधोरेखित करून ठेवली. १७२ एसच्या हँडबुकाप्रमाणे समोरचा वारा ९ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) असेल तर अंतर १० टक्के कमी होतं. पाठीमागचा वारा असेल तर दर २ नॉटांना १० टक्के वाढतं. म्हणजे समोरचे ९ नॉट जेवढं वाचवतात, तेवढं पाठीमागचे २ नॉट खाऊन टाकतात. २ नॉटांनी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, धड हलतसुद्धा नाही. 'वारा जवळजवळ नाहीच, कुठूनही उतरू' हे वाक्य किती महाग पडू शकतं ते या एका ओळीत दिसतं.

हिशेबातला आणखी एक नियम आवडला : उतरायचा हिशेब पुरा व्हायच्या आधी तिथून उडायचा हिशेब मांडायचा. उतरता येतं पण उडता येत नाही अशा पट्ट्या असतात. लांब गवत थांबायला मदत करतं, निघताना तेच पाय धरतं.

वर्गानंतर विमानात बसवतील असं वाटलं होतं, पण आम्हाला पट्टी पायी चालायला लावली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. वरून पाहिलं तर ती हिरवी, गुळगुळीत, एकसारखी दिसते. चालताना कळतं की साधारण दोन तृतीयांश अंतरावर एक खोलगट भाग आहे, तिथलं गवत जरा जास्तच गडद आहे आणि बुटाची टाच दाबली की पाणी वर येतं. एका कडेला ट्रॅक्टरच्या चाकांची जुनी, वाळून कडक झालेली चाकोरी. नोजव्हील तिच्यात आडवं गेलं तर काय होईल ते सांगायची गरज पडली नाही. इन्स्ट्रक्टरांच्या हातात खुणा केलेली एक काठी होती, ती जागोजागी टेकवून ते गवताची उंची मोजत होते. आणि थ्रेशोल्डजवळ, म्हणजे पट्टीच्या सुरुवातीला, उजव्या हाताला उंच झाडांची रांग. विंडसॉक होता बरोबर त्या झाडांच्या आडोशाला. 'हा विंडसॉक फक्त झाडांमागचा वारा सांगतो,' ते म्हणाले. झाडांवरून वारा आडवा येत असेल तर नेमक्या फ्लेअरच्या उंचीवर हवा खाली ओढते किंवा एकदम पडते, आणि विमान अलीकडेच टेकतं. वरून अशी पट्टी ओळखायची कशी तेही त्यांनी नंतर दाखवलं : आधी उंचावरून एक फेरी, मग खालून पट्टीला समांतर एक पास. तरीही पायी चालण्याला तोड नाही. ज्या पट्टीवर जायचंय तिथल्या मालकाला आधी फोन करून गवत कधी कापलं, पाऊस कधी झाला, कुठला भाग टाळायचा हे विचारायचं, ही सवय तिथेच लागली.

पट्टीची आखणी हा या क्लबचा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. खरी पट्टी साधारण ८०० मीटरची. त्यावर थ्रेशोल्डपासून ५०० मीटरवर नारिंगी कोन ठेवलेले, ते म्हणजे 'कुंपण'. आणि १५० मीटरवर आणखी दोन कोन. शिकणाऱ्याने ५०० मीटरच्या पट्टीवर उतरतोय असंच वागायचं, पण चुकलं तर पुढे खरी ३०० मीटर जागा शिल्लक. माझे कोरड्या गवताचे ६९५ मीटर ८०० मध्ये बसत होते. खरोखरच्या आखूड पट्टीवर पहिल्याच दिवशी नेणारे कोर्स आहेत, आणि त्यात थरार वाटत असेल. मला ते शिक्षण वाटत नाही. शिकणाऱ्याच्या चुकीला जागा ठेवलेली नसेल तर इन्स्ट्रक्टर प्रत्येक वेळी आधीच कंट्रोल हातात घेतो, आणि चूक कशी दिसते हे शिकणाऱ्याला कळतच नाही.

प्रत्यक्ष उडताना पहिला धडा डोळ्यांचा. अरुंद पट्टीकडे येताना आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं. पट्टी चढाची असेल तरी तसंच वाटतं. दोन्ही वेळा माणूस नकळत खाली येतो आणि अप्रोच झाडांच्या शेंड्यांना घासून जातो. उपाय म्हणून एकच गोष्ट बघायला सांगितली : काचेत जो बिंदू हलत नाही तिथे आपण चाललोय. तो बिंदू वर सरकला तर आपण अलीकडे पडतोय, खाली सरकला तर पुढे जातोय. मग पट्टी अरुंद असो की रुंद, डोळा फसत नाही. हे पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. इथे इन्स्ट्रक्टरांनी मार्करने काचेवर एक ठिपका काढला आणि अख्खा अप्रोच तो ठिपका आणि पट्टीच्या सुरुवातीचा एक फिकट गवताचा पट्टा यांची सांगड घालत उडायला लावला. हे वाचल्याने येत नाही.

दुसरा धडा वेगाचा. शॉर्ट फील्डसाठी १७२ एसचा वेग पूर्ण फ्लॅपला (पंखांच्या मागच्या कडेचे भाग पूर्ण खाली केल्यावर) ६१ नॉट. आपल्यापैकी बरेच जण 'जरा जास्त असलेलं बरं' म्हणून ६७ किंवा ७० ने येतात. विमानाला थांबवायचं तर त्याची ऊर्जा जिरवावी लागते आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ६७ नॉट म्हणजे ६१ पेक्षा दहा टक्के जास्त, पण ऊर्जा वीस टक्क्यांहून जास्त. ७० ला ती तीस टक्क्यांच्या वर जाते. शिवाय तो जास्तीचा वेग जिरेपर्यंत विमान जमिनीलगत तरंगत राहतं, आणि ६० नॉटला दर सेकंदाला तीस मीटर पट्टी मागे पडते. चार सेकंद तरंगलं की १२० मीटर गेले. थ्रेशोल्डवर १० फूट जास्त उंची असेल तर तीन अंशांच्या उतरणीत आणखी जवळपास ६० मीटर. ही बेरीज माझ्या एका अप्रोचनंतर इन्स्ट्रक्टरांनी जीपीएसच्या रेषेवर बोट ठेवून दाखवली आणि त्यानंतर वेगमापकाकडे बघायची माझी पद्धत बदलली.

तिसरा धडा सगळ्यात बारकाईचा. आखूड पट्टी आणि मऊ पट्टी यांची तंत्रं एकमेकांच्या उलट आहेत. आखूड पट्टीवर शिकवतात : ठामपणे टेकवा, नोज खाली येऊ द्या, फ्लॅप वर, ब्रेक जोरात. मऊ जमिनीवर शिकवतात : हळुवार टेकवा, नोजव्हील वर धरून ठेवा, ब्रेकला हात लावू नका. आखूड गवती पट्टीवर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि नोजव्हीलचे कितीतरी अपघात नेमके इथे होतात. डांबरावरच्या सवयीने माणूस नोज खाली टाकून ब्रेक दाबतो, सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, ते चाक एखाद्या खड्ड्यात किंवा बिळात जातं, फोर्क मोडतो आणि प्रोपेलर मातीत. मग नुसता प्रोपेलर बदलून भागत नाही, इंजिनही उघडून तपासावं लागतं.

त्यांनी शिकवलेली पद्धत अशी : मेन व्हील्सवर, म्हणजे मागच्या दोन मुख्य चाकांवर, जमेल तेवढ्या कमी वेगाने टेका. योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, मागे ओढलेलं ठेवा. नोजव्हील आपोआप खाली येईल तेव्हा येऊ द्या. मग ब्रेक टप्प्याटप्प्याने, आणि ब्रेक जसा वाढेल तसा योक आणखी मागे, अगदी पोटापर्यंत. याने वजन मागच्या चाकांवर राहतं आणि त्यांनाच पकड मिळते. चाक लॉक झालं तर ब्रेक सोडा, परत दाबा. या विमानांत गाडीसारखं एबीएस नसतं, ते काम आपल्या पायाने करायचं. पहिल्यांदा हे जमवताना हात आणि पाय दोन वेगळ्या माणसांचे असावेत असं वाटतं, पण काही लँडिंगनंतर ते अंगवळणी पडतं.

उसळीबद्दलही त्यांचा नियम कडक होता. उसळी लहान असेल तर नोज जागच्या जागी धरा आणि पुन्हा बसू द्या. मोठी असेल तर पॉवर द्या आणि जा. योक पुढे ढकलून विमान जमिनीवर 'बसवायचा' प्रयत्न कधीही नाही. तसं केलं की विमान पुढच्या चाकावर आपटतं, आणखी जोरात उसळतं, आणि दोन-तीन आपट्यांत नोजव्हील जातं.

आता गो-अराउंड. इन्स्ट्रक्टरांचा खरा जीव याच विषयात आहे, आणि या भागासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन. नियम साधा : १५० मीटरच्या कोनांपर्यंत मेन व्हील्स टेकली नाहीत तर गो-अराउंड. चर्चा नाही, 'आता टेकतंयच' नाही. हा निर्णय अप्रोचमध्ये मोठ्याने बोलून ठेवायचा. फायदा असा की त्या क्षणी विचार करावा लागत नाही. अपघात बहुतेकदा त्या विचारातच होतो : टेकेल, टेकेल म्हणत अर्धी पट्टी जाते, मग टेकतं, मग ब्रेक घसरतो, मग समोर झाडं दिसतात आणि तेव्हा कुणीतरी थ्रॉटल पुढे करतं. पूर्ण फ्लॅप खाली, वेग नाही, समोर झाडं. पट्टी संपून हळू वेगात कुंपणात शिरलेले लोक बहुधा वाचतात. जे जीव घेतात ते असे उशिराचे गो-अराउंड, ज्यांत विमान जेमतेम वर येऊन स्टॉल होतं, म्हणजे वेगाअभावी पंखांचा आधार सुटून कोसळतं. म्हणून दुसरा नियम : एकदा टेकून ब्रेक लावला की आखूड पट्टीवर मत बदलायचं नाही.

गो-अराउंडचा सराव त्यांनी सांगून करून घेतला नाही. फ्लेअरमध्ये, चाकं जमिनीपासून फूटभर असताना, एकदम 'जा' म्हणायचे. तिथे बरंच काही एकत्र घडतं. अप्रोचसाठी केलेल्या ट्रिममुळे (हाताचा जोर न लावता नोज धरून ठेवणारी जुळणी) पूर्ण पॉवर दिली की नोज झपकन वर जातं, ते जोर लावून खाली दाबावं लागतं. विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने दाबायला हवा. फ्लॅप लगेच २० अंशांवर, ६० नॉट, मग अडथळे पार होईपर्यंत १० अंश, आणि सुरक्षित उंचीवर ६५ नॉट झाल्यावर पूर्ण वर. माझ्यासोबत शिकणाऱ्या गृहस्थांचं विमान जुनं १७२ एन होतं. त्याचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत जातात आणि इंजिनला कार्बोरेटर आहे, म्हणजे कार्ब हीट (कार्बोरेटरमध्ये बर्फ होऊ न देणारी गरम हवा) बंद करायचीही आठवण हवी. ४० अंशांवर ते विमान चढायला किती नाखूष असतं ते मागच्या सीटवरून बघितलं, तेव्हापासून हँडबुकातल्या फ्लॅपच्या आकड्यांकडे मी नुसते आकडे म्हणून बघत नाही.

एके सकाळी भरपूर दव होतं आणि गवत आदल्याच दिवशी कापलेलं. मार्जिन धरून माझा आकडा ९३१ मीटर, पट्टी ८००. इन्स्ट्रक्टरांनी सगळ्यांची लँडिंग थांबवली. एकाने कुरकूर केली की पट्टी तर समोर दिसतेय, काल इथेच उतरलो. त्यावर वाद न घालता त्यांनी आम्हाला पट्टीच्या मधोमध, माणूस पळतो साधारण तेवढ्या वेगाने टॅक्सी करायला, म्हणजे विमान जमिनीवरच चालवायला, लावलं आणि म्हणाले, ब्रेक दाबा. मी दाबला. चाकं थांबली, विमान नाही. खिडकीतून खाली बघितलं तर टायर न फिरता गवतावरून पुढे सरकत होता आणि मागे दवात दोन गडद, सरळ पट्टे उमटत होते. पाय सैल केला तसं चाक फिरायला लागलं आणि मगच वेग उतरू लागला. एवढ्या कमी वेगाला हे, तर ५० नॉटला काय? दुपारपर्यंत उन्हाने गवत वाळलं आणि उड्डाणं सुरू झाली. कुरकूर करणाऱ्याने नंतर स्वतःहून तो टायरचा माग फोटोत घेतला.

दर उड्डाणानंतरची चर्चाही नेटकी असते. टॅबलेटवर जीपीएसची रेषा, पंखाखाली लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि पट्टीच्या नकाशावर प्रत्येक लँडिंगची टेकण्याची जागा. कुणाची ठरवलेल्या जागेभोवती, कुणाची पसरलेली. इथे इन्स्ट्रक्टर बोलतात कमी, विचारतात जास्त. टच-अँड-गो, म्हणजे टेकून लगेच पुन्हा उडणं, कधीच नाही, दर वेळी पूर्ण थांबून परत यायचं. त्यामुळे लँडिंगची संख्या कमी होते, पण थांबणं हाच तर विषय आहे.

आता अर्धा स्टार. माझी सगळी उड्डाणं दोघे जण आणि मोजकं इंधन अशा हलक्या विमानात झाली. खऱ्या आयुष्यात आपण गवताच्या पट्टीवर जातो ते घरच्यांना किंवा मित्रांना घेऊन, सामानासकट. सीएएच्या तक्त्यात वजन १० टक्क्यांनी वाढलं की लँडिंगचं अंतर १० टक्क्यांनी वाढतं आणि टेकऑफचं २० टक्क्यांनी. भरलेलं विमान फ्लेअरमध्ये कसं वागतं, गो-अराउंडमध्ये किती सुस्त चढतं, हे निदान एकदा अनुभवायला द्यायला हवं होतं. मागच्या सीटवर वजनाच्या पिशव्या बांधल्या तरी चाललं असतं. मी हे फीडबॅकमध्ये लिहिलंय आणि इन्स्ट्रक्टरांनी ते मनावर घेतलंय असं वाटतं.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. वर्गातला स्क्रीन इतका फिका की अपघातांचे फोटो पुढच्या रांगेतूनही धड दिसत नव्हते. पट्टी जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे चढ-उताराचा भाग वहीतच राहिला. टेलव्हीलबद्दल फक्त एवढं सांगितलं की त्याचं वजन मेन व्हील्सच्या मागे असतं, म्हणून शेपूट बाजूला गेली की आणखी जातच राहते आणि विमान गर्रकन फिरतं. माहिती बरोबर, पण टेलव्हीलवाल्यांनी त्यासाठी वेगळा कोर्स शोधावा.

तुम्ही कुठलाही असा कोर्स घेणार असाल तर बुकिंगआधी हे विचारा : खऱ्या गवतावर शिकवता की डांबरावर गवत समजून? पट्टीची खरी लांबी किती आणि 'आखूड' कशी आखता? दर लँडिंगला पूर्ण थांबवता का? गो-अराउंडचा निर्णय कुठल्या खुणेवर घ्यायला शिकवता? माझ्या विमानाच्या हँडबुकावरून हिशेब करून घेता की एकच छापील कागद सगळ्यांना? यातल्या दोन-तीन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. जाताना जुने बूट न्या, पट्टी खरंच चालावी लागते. आणि स्लॉट निवडता येत असेल तर एक भल्या सकाळचा मागा, एक दुपारचा. सकाळी उडायला मिळालं नाही तरी जा, आणि ओल्या गवतावर टॅक्सी करताना ब्रेक दाबून बघायला मिळेल का ते आवर्जून विचारा.